डिस्कवर विश्वास न ठेवणारी फाइल सिस्टीम

एखाद्या ग्रंथालयाने जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून सर्व्हरवर ठेवले आहेत असं समजू. लाखो पानं, प्रत्येक पानाची एक मोठी प्रतिमा, शिवाय ओसीआर केलेला मजकूर. यातली बरीचशी पानं वर्षानुवर्षं कुणी उघडतही नाही. मूळ कागदाचे हात लावताच तुकडे पडतात, त्यामुळे पुन्हा स्कॅन करण्याची सोय नाही. अशा साठ्याला मोठा धोका कोणता, असं विचारलं की बहुतेक जण डिस्क बंद पडण्याचं नाव घेतात. पण बंद पडलेली डिस्क निदान लक्षात तरी येते. लाल दिवा लागतो, लॉगमध्ये ओळी येतात, आपण धावपळ करतो. त्याहून वाईट प्रकार चालू डिस्कच्या बाबतीत घडतो. ती मागितलेलं पान देते, कसलीही तक्रार करत नाही, आणि त्या पानातले काही बाइट आपण लिहिलेले नसतात.

ही नुसती शंका नाही. २००८ साली ‘फास्ट’ या परिषदेत एक अभ्यास मांडला गेला. त्यात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कांच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळल्याच्या ४ लाखांहून जास्त घटना त्यात सापडल्या. कारणं अनेक असतात. डिस्कचं फर्मवेअर ‘लिहिलं’ म्हणून सांगतं आणि प्रत्यक्षात लिहीत नाही. कधी योग्य मजकूर भलत्याच जागी लिहिला जातो. सैल केबल, तापलेला कंट्रोलर, रॅममधला एखादा उलटलेला बिट यांतूनही हेच घडतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा यावरचा जुना भरवसा रेडवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्यावर, असतो. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ही कल्पना त्या नावाने मांडली आणि डिस्क मेल्यावर डेटा वाचवण्याचं काम ती आजही चोख करते. गप्प राहून चुकणाऱ्या डिस्कपुढे मात्र तिचं काही चालत नाही. रेड-५ मध्ये रोजच्या वाचनाच्या वेळी पॅरिटी, म्हणजे गेलेली डिस्क भरून काढायला ठेवलेला जादा डेटा, वाचलीच जात नाही. मुद्दाम तपासणी चालवली आणि पॅरिटी जुळली नाही, तरी कोणती डिस्क चुकली हे कळायला मार्ग नसतो. लिनक्सच्या एमडी रेड-५ ला ‘दुरुस्त कर’ म्हटलं तर तो डेटा खरा धरतो आणि पॅरिटी नव्याने लिहितो. डेटाच बिघडलेला असेल, तर बिघाडावर शिक्कामोर्तब होतं.

या दुखण्यावर मुळातून विचार करून लिहिलेली फाइल सिस्टीम म्हणजे झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एहरन्स यांनी २००१ मध्ये तिचं काम सुरू केलं, २००५ मध्ये तिचा कोड ओपनसोलारिसबरोबर खुला झाला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर खुल्या कोडची वाट वेगळी झाली आणि २०१३ पासून ती ओपनझेडएफएस या नावाने चालते. लिनक्सवर ती आणण्याचं मोठं काम अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत झालं. २०२० च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोघांसाठी एकच कोड आहे. ट्रूनॅस किंवा प्रॉक्समॉक्स वापरत असाल, तर तुमच्याकडे ती बहुधा आत्ताही चालू असेल. बीटीआरएफएसमध्येही यातल्या बऱ्याच कल्पना आहेत, पण तिचे रेड-५ आणि रेड-६ मी महत्त्वाच्या डेटासाठी वापरणार नाही. म्हणून इथे झेडएफएसच धरून चालू.

एक पान लिहिलं जातं तेव्हा

स्कॅनरकडून आलेली प्रतिमा सर्व्हरवर साठवली की ती लगेच डिस्कवर जात नाही. आधी ती रॅममध्ये एका गटात जमा होते. या गटाला ट्रान्झॅक्शन ग्रुप म्हणतात. साधारण ५ सेकंद झाले, किंवा जमा डेटा ठरावीक मर्यादेला पोचला, की तो गट बंद होतो आणि डिस्कवर उतरायला लागतो. या काळात येणारे नवे बदल पुढच्या गटात जातात.

उतरताना प्रत्येक ब्लॉकवर क्रमाने काही गोष्टी होतात. कॉम्प्रेशन चालू असेल तर तो आवळला जातो. मग त्याचा चेकसम काढला जातो. मुळात यासाठी फ्लेचर-४ ही जलद पद्धत असते, हवी तर शा-२५६ निवडता येते. मग त्याच्यासाठी रिकामी जागा शोधून तो तिथे लिहिला जातो. जुन्या ब्लॉकवर नवा ब्लॉक कधीच लिहिला जात नाही, आणि पुढचं सगळं या एका नियमातून निघतं.

डेटाचा ब्लॉक नव्या जागी गेला म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारा वरचा ब्लॉकही बदलायला हवा. तोही नव्या जागी लिहिला जातो. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. असं करत करत अगदी मुळाशी असलेल्या नोंदीपर्यंत पोचतो. या नोंदीला उबरब्लॉक म्हणतात. डिस्कवर ठरावीक जागी उबरब्लॉकांची एक माळ असते, आणि नवी नोंद माळेतल्या पुढच्या घरात लिहिली जाते. प्रत्येक डिस्कवर या माळेच्या चार प्रती असतात, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी.

आता याच क्षणी वीज गेली असं धरा. नवी नोंद पूर्ण लिहून झाली नसेल तर तिचा चेकसम जुळणार नाही. पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कांचा साठा, पुन्हा उघडताना झेडएफएस माळेतली सगळ्यात अलीकडची, पण चेकसम जुळणारी नोंद निवडते. ती जुन्या झाडाकडे बोट दाखवते आणि ते झाड जसंच्या तसं शाबूत असतं, कारण त्यातल्या एकाही ब्लॉकवर काही लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या काही सेकंदांतलं लेखन जाईल, अर्धवट अवस्था मात्र कधीच दिसणार नाही. म्हणून इथे एफएससीके ही तपासणी चालवून तासन् तास वाट पाहण्याचा प्रकार नाही.

डेटाबेससारख्या प्रोग्रामला ते काही सेकंदही चालत नाहीत. ‘डिस्कवर गेलं’ अशी खात्री मिळाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. अशा लेखनासाठी झिल नावाची वेगळी नोंदवही असते. ती वेगवान एसएसडीवर ठेवली की तिला स्लॉग म्हणतात. एसएसडी लावली की सगळं वेगवान होईल अशी अनेकांची समजूत असते. साध्या फाइली कॉपी करण्यात स्लॉगमुळे काडीचाही फरक पडत नाही, फरक पडतो तो फक्त अशा खात्रीच्या लेखनात. आणि त्यासाठीची एसएसडी वीज गेल्यावर आपल्या पोटातला डेटा टिकवणारी हवी.

चेकसम कुठे ठेवायचा

चेकसम काढणाऱ्या फाइल सिस्टीम आणि डिस्क इतरही आहेत. झेडएफएसचं वेगळेपण तो ठेवण्याच्या जागेत आहे. ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकशेजारी नसतो. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकात असतो. गोदामात माल ठेवला आणि पावतीही त्याच गोदामात ठेवून आलो, तर गोदामवाल्याने दुसराच माल त्याच्या पावतीसकट पुढे केला तरी आपल्याला कळणार नाही. पावती आपल्या खिशात हवी. डिस्कने ‘लिहिलं’ असं खोटं सांगून जुनाच ब्लॉक तसाच ठेवला, तर त्या जुन्या ब्लॉकशेजारचा जुना चेकसम त्याच्याशी अगदी व्यवस्थित जुळेल. वरच्या ब्लॉकात मात्र नव्या मजकुराचा चेकसम आहे, तो जुळणार नाही आणि लबाडी उघडी पडेल. वरच्या ब्लॉकाचा चेकसम त्याच्याही वरच्याकडे, असं करत उबरब्लॉकपर्यंत सगळा साठा एकमेकांची साक्ष देत उभा असतो.

डिस्कांचा मिरर केलेला असेल, म्हणजे प्रत्येक ब्लॉक दोन डिस्कांवर असेल, तर वाचताना चेकसम न जुळल्यास दुसरी प्रत वाचली जाते. मिररऐवजी रेड-झेड, म्हणजे झेडएफएसची पॅरिटी वापरणारी मांडणी असेल, तर एकेका डिस्कवरचा तुकडा चुकीचा धरून पॅरिटीवरून ब्लॉक पुन्हा बांधून पाहिला जातो. ज्या जुळणीत चेकसम बरोबर येतो ती खरी. म्हणजे ‘कोण चुकलं’ या रेड-५ ला न सुटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. मागणाऱ्या प्रोग्रामला बरोबर डेटा दिला जातो, बिघडलेल्या जागेवर बरोबर मजकूर पुन्हा लिहिला जातो, आणि त्या डिस्कच्या नावापुढे एक आकडा वाढतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं आणि प्रत्येक नव्या अ‍ॅडमिनने एकदा पाहावंच. त्यासाठी खऱ्या डिस्क लागत नाहीत. चाचणीच्या मशिनवर एकेक जीबीच्या दोन रिकाम्या फाइली बनवा, ‘झेडपूल क्रिएट’ला त्या डिस्क म्हणून द्या आणि त्यांचा मिरर करा. त्यात पूल अर्ध्याहून जास्त भरेल इतकी छायाचित्रं टाका. आता ‘डीडी’ने त्यातल्या एका फाइलच्या मध्यावर शंभर-दोनशे एमबी कचरा लिहा. फाइलची लांबी कापली जाणार नाही असा पर्याय द्यायला मात्र विसरू नका. मग ‘झेडपूल स्क्रब’ चालवा आणि ‘झेडपूल स्टेटस’ पाहा. कचरा टाकलेल्या फाइलपुढे चेकसमच्या रकान्यात आकडा दिसेल, स्क्रबच्या ओळीत किती डेटा दुरुस्त झाला ते दिसेल, आणि अगदी खाली ‘डेटात ज्ञात चूक नाही’ अशा अर्थाची ओळ असेल. छायाचित्रं उघडा, सगळी धड असतील. हाच प्रयोग मिररशिवाय एकाच फाइलवर करा. आता दुरुस्ती होणार नाही, पण ‘स्टेटस’ला ‘व्ही’ हा पर्याय दिला की कोणत्या फाइली गेल्या त्यांची नावानिशी यादी मिळेल. सगळा साठा संशयित धरण्यापेक्षा तेवढ्याच फाइली बॅकअपमधून आणणं किती सोपं, याचा अंदाज येईल.

पूल बांधण्यापूर्वी

आपल्या ग्रंथालयाकडे ८ टीबीच्या सहा डिस्क आहेत असं धरू. त्यांची मांडणी आधी ठरवावी लागते आणि ती नंतर बदलणं जड जातं. दोन दोन डिस्कांचे तीन मिरर केले तर वापराला २४ टीबी मिळतात. सहा डिस्कांचं एक रेड-झेड-२ केलं तर ३२ टीबी, आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. मिररमध्ये एक डिस्क गेल्यावर उरलेल्या पाचांपैकी नेमकी तिची जोडीदार गेली तर सगळा पूल जातो. मग मिरर का घ्यायचे? वेगासाठी. रेड-झेडचा एक गट इकडून तिकडून वाचण्याच्या कामात साधारण एकाच डिस्कइतका चालतो, तीन मिरर लिहिताना तीन डिस्कांइतके आणि वाचताना त्याहून जास्त. व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेस असेल तर मिरर, मोठ्या प्रतिमांचा साठा असेल तर रेड-झेड-२, असा माझा हिशेब आहे.

एकाच पॅरिटीचं रेड-झेड-१ इतक्या मोठ्या डिस्कांवर करू नये. घरगुती वापराच्या अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे एखादा वाचता न येणारा सेक्टर येऊ शकतो असं लिहिलेलं असतं. हे सुमारे १२.५ टीबी होतात. भरलेल्या पुलात एक डिस्क गेली की उरलेल्या पाचांवरचा ४० टीबीपर्यंत डेटा वाचावा लागतो. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, आणि झेडएफएसमध्ये असा सेक्टर आला तरी पूल जात नाही, तेवढी फाइल जाते. पण ती फाइल दुर्मिळ अंकाचं पान असू शकते. शिवाय एकदम विकत घेतलेल्या, एकाच वयाच्या डिस्क रात्रंदिवस वाचनाच्या ताणाखाली असताना दुसरीही मान टाकण्याची शक्यता वाढलेली असते.

डिस्क विकत घेताना एसएमआर पद्धतीच्या टाळा. त्यांच्यात एक पट्टा दुसऱ्यावर थोडा चढवून लिहिलेला असतो, त्यामुळे सलग लेखनाचा मारा झाला की त्या रांगायला लागतात, आणि डिस्क बदलताना नेमका तोच मारा होतो. हार्डवेअर रेड कार्डाच्या मागेही झेडएफएस ठेवू नये. कार्ड सहा डिस्कांची एकच डिस्क करून दाखवतं. मग दुसरी प्रत कुठे आहे हे झेडएफएसला कळत नाही, चूक सापडते पण दुरुस्त होत नाही. डिस्क सरळ दाखवणारं साधं एचबीए कार्ड घ्या.

पूल बनवतानाच ‘अ‍ॅशिफ्ट’ नावाचा एक आकडा पक्का होतो. बऱ्याच डिस्कांचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि त्या जुन्या यंत्रणांशी जुळवून घेण्यासाठी ५१२ सांगतात. इथे १२ हा आकडा स्वतः लिहून द्या, कारण २ चा १२ वा घात म्हणजे ४०९६. चुकून ९ राहिला तर प्रत्येक लहान लेखनाला डिस्क आतल्या आत वाचून पुन्हा लिहीत बसेल, आणि डिस्कांच्या त्या गटापुरता हा आकडा नंतर बदलता येत नाही. डिस्कांची नावंही एसडीए, एसडीबी अशी न देता सिरियल नंबर असलेली कायमची द्या. सिरियल नंबर प्रत्येक ट्रेवर बाहेरून चिकटवून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचं मोल पुढे कळेल.

डेटासेट, म्हणजे पुलातले वेगवेगळे कप्पे, मात्र सढळ हाताने पाडा. प्रतिमांसाठी वेगळा, ओसीआरच्या मजकुरासाठी वेगळा, डेटाबेससाठी वेगळा. डेटासेट बनवायला क्षणही लागत नाही आणि प्रत्येकाची सेटिंग स्वतंत्र ठेवता येते. ‘रेकॉर्डसाइझ’, म्हणजे ब्लॉकच्या आकाराची मर्यादा, मुळात १२८ केबी असते. मोठ्या प्रतिमांना १ एमबी बरी. पोस्टग्रेस हा डेटाबेस ८ केबीच्या पानांत काम करतो. १२८ केबीच्या ब्लॉकातली ८ केबी बदलायला दर वेळी सगळा ब्लॉक नव्याने लिहावा लागतो, म्हणून तिथे ती उतरवावी लागते. बदल केला तरी तो नव्या फाइलींनाच लागू होतो, हे लक्षात ठेवा. एलझेड-४ कॉम्प्रेशन सगळीकडे चालू असू द्या. आधीच आवळलेल्या जेपेगवर ते फार वेळ घालवत नाही आणि मजकुरावर भरपूर जागा वाचवतं.

डीडुप्लिकेशनच्या वाटेला जाऊ नका. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक वेगळ्या ब्लॉकमागे साधारण ३२० बाइटची नोंद हाताशी ठेवावी लागते. १२८ केबीच्या ब्लॉकांत १ टीबी डेटा असेल तर त्याच्या नोंदींनाच अडीच जीबी रॅम लागते, ८ केबीचे ब्लॉक असतील तर ४० जीबी. ती रॅममध्ये मावेनाशी झाली की सर्व्हर चालतो, पण वापरण्याच्या लायकीचा राहत नाही.

रॅम भरलेली दिसते ती का

झेडएफएस लावल्यावर पहिल्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘रॅम सगळी खाल्ली’. ती आर्क नावाच्या कॅशने घेतलेली असते. साधा कॅश नुकतंच वाचलेलं ठेवतो आणि जुनं टाकतो. रात्री बॅकअपने सगळा साठा एकदा वाचला की अशा कॅशमधलं रोज लागणारं सगळं धुऊन जातं. आर्क नुकतं वाचलेलं आणि वारंवार वाचलेलं यांच्या वेगळ्या याद्या ठेवतो, आणि नुकतंच काय बाहेर टाकलं याच्याही दोन याद्या ठेवतो. टाकलेलंच पुन्हा मागितलं गेलं तर त्या यादीचा वाटा वाढवतो. ही पद्धत आयबीएमच्या आल्मडेन प्रयोगशाळेतल्या निम्रोद मेगिड्डो आणि धर्मेंद्र मोधा यांनी २००३ मध्ये मांडली. मोधा हे पवईच्या आयआयटीचे पदवीधर. झेडएफएसने तिच्यात आपल्या गरजेप्रमाणे फेरफार केले.

बाकीच्या प्रोग्रामना रॅम लागली की आर्क मागे सरतो, त्यामुळे नुसत्या फाइल सर्व्हरवर काळजी नको. त्याच मशिनवर व्हर्च्युअल मशीन किंवा मोठा डेटाबेस असेल तर मात्र आर्कची कमाल मर्यादा स्वतः घालून द्या. तो मागे सरायला जो वेळ घेतो, तेवढ्यात कर्नल एखादी प्रोसेस मारून मोकळा होऊ शकतो. ईसीसी रॅम परवडत असेल तर जरूर घ्या. चेकसम काढण्याआधीच रॅममध्ये बिट उलटला तर चुकीच्या डेटाचा अचूक चेकसम निघतो.

महिन्याचं काम

वाचलं तरच चूक सापडते, आणि आपल्या ग्रंथालयाची पानं तर कुणी वाचत नाही. म्हणून स्क्रब. तो पुलातला वापरात असलेला प्रत्येक ब्लॉक, सगळ्या प्रती आणि पॅरिटीसकट वाचून चेकसमशी ताडून पाहतो. डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो आपोआप चालवण्याची सोय आहे. चालतो का ते मात्र पाहा. झेडएफएसमधल्या घटना नोंदवणारी झेड नावाची सेवा ईमेल पाठवू शकते. तिच्यात खरा पत्ता घाला आणि सर्व्हरवरून मेल खरोखर बाहेर पडते याची खात्री करून घ्या.

‘झेडपूल स्टेटस’मध्ये प्रत्येक डिस्कपुढे रीड, राइट आणि चेकसम असे तीन रकाने असतात. ते वाचायला शिकणं हे या कामातलं सगळ्यात मोलाचं कसब. एकाच डिस्कच्या रीडमध्ये आकडा आला आणि स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदींत, १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न आलेल्या सेक्टरांचा आकडाही वाढत असेल, तर डिस्क चालली. रीड आणि राइट शून्य, पण चेकसम वाढतोय आणि स्मार्टमध्ये १९९ क्रमांकाचा सीआरसीचा आकडाही चढतोय, तर आधी केबल बदला. सगळ्याच डिस्कांवर थोडे थोडे चेकसम चुकत असतील तर सगळ्या एकदम बिघडल्या असं होत नाही. कंट्रोलर, रॅम किंवा पॉवर सप्लाय तपासा. आकडे पाहून न पाहिल्यासारखं करत ‘क्लिअर’ देणारे अ‍ॅडमिन पुढच्या बिघाडाची खूण पुसून टाकतात. कारण लिहून ठेवा, मगच क्लिअर करा.

डिस्क बदलायची झाली आणि जुनी अजून थोडीफार चालत असेल, तर ती काढू नका. नवी डिस्क मोकळ्या जागेत लावून ‘रिप्लेस’ द्या. नवी भरत असताना जुनीवरचं जे वाचता येतं त्याचाही उपयोग होतो आणि तेवढा काळ संरक्षण कमी होत नाही. या भरण्याला रिसिल्व्हर म्हणतात. यात फक्त वापरातले ब्लॉक लिहिले जातात, त्यामुळे अर्धा रिकामा पूल जवळजवळ अर्ध्या वेळात भरून होतो. मोकळी जागा नसेल तर आधी ती डिस्क ‘ऑफलाइन’ करा, ट्रेवरचा सिरियल नंबर स्टेटसमधल्या नावाशी ताडा, मगच हात घाला. अडचणीच्या वेळी चांगली डिस्क ओढून काढल्याने गेलेले पूल कमी नाहीत.

आणखी एक जागा जपायची. मिररला जोडीदार द्यायचा असेल तर ‘अटॅच’ असतं, पुलात डिस्कांचा नवा गट जोडायचा तर ‘अ‍ॅड’. रेड-झेड-२ च्या पुलाला चुकून एकटी डिस्क ‘अ‍ॅड’ केली तर संरक्षणाची पातळी जुळत नाही म्हणून कमांड नकार देते. कुणी घाईत जबरदस्तीचा पर्याय लावला, तर ती एकटी डिस्क पुलाचा अविभाज्य भाग होते आणि ती गेली की पूल जातो. रेड-झेड असलेल्या पुलातून ती परत काढताही येत नाही. ‘अ‍ॅड’ देण्यापूर्वी कोरडी चाचणी करणारा ‘एन’ पर्याय वापरा आणि ‘चेकपॉइंट’ घेऊन ठेवा; फसलं तर पूल त्या क्षणाला परत नेता येतो. अस्तित्वातल्या रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या २.३ आवृत्तीपासून मिळते.

लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये परवान्याच्या अडचणीमुळे झेडएफएस नाही, ती बाहेरून मॉड्यूल म्हणून येते. नवा कर्नल लावण्यापूर्वी तुमची आवृत्ती त्याच्यावर चालते का ते बघा. मी तर ऑपरेटिंग सिस्टीम साध्या ईएक्सटी-४ वर ठेवणं पसंत करतो, म्हणजे मॉड्यूल रुसलं तरी सर्व्हर उठतो.

डिलीट केलं तरी जागा सुटत नाही

जुन्यावर नवं लिहायचं नाही या नियमामुळे स्नॅपशॉट, म्हणजे डेटासेटची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, जवळजवळ फुकट पडतो. प्रत्येक ब्लॉकच्या नोंदीत तो कोणत्या ट्रान्झॅक्शन ग्रुपमध्ये जन्मला तो क्रमांक असतो. फाइल पुसली की झेडएफएस बघते: हा ब्लॉक शेवटच्या स्नॅपशॉटनंतर जन्मला का? हो असेल तर जागा मोकळी, आधीचा असेल तर तो स्नॅपशॉटच्या मालकीचा झाला आणि जागा अडलेलीच राहिली. म्हणून ५०० जीबी पुसूनही ‘डीएफ’ हलत नाही. ‘झेडएफएस लिस्ट’मध्ये जागेचा तपशील मागितला की स्नॅपशॉटांनी किती अडवलंय ते वेगळ्या रकान्यात दिसतं.

पूल ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. रिकाम्या जागेचे बारीक तुकडे झाले की नव्या ब्लॉकला जागा शोधण्यातच वेळ जातो, आणि पुसायलासुद्धा आधी थोडं नवीन लिहावं लागत असल्याने काठोकाठ भरलेला पूल फार छळतो. एका रिकाम्या डेटासेटला काही जीबी राखून ठेवा; अडचणीच्या वेळी ते आरक्षण सोडलं की श्वास घ्यायला जागा मिळते.

त्याच जन्मक्रमांकावर बॅकअपही उभा आहे. कालचा आणि आजचा स्नॅपशॉट यांच्यात काय बदललं हे शोधायला लाखो फाइली चाळाव्या लागत नाहीत. कालच्या क्रमांकानंतर जन्मलेले ब्लॉक तेवढे ‘सेंड’ बाहेर काढतो आणि दुसऱ्या गावातल्या सर्व्हरवर ‘रिसीव्ह’ ते उतरवून घेतो. हा बॅकअप मुख्य सर्व्हरने ढकलण्याऐवजी बॅकअप सर्व्हरने ओढून घ्यावा. मुख्य सर्व्हर कुणी ताब्यात घेतला तर त्याच्याकडे बॅकअप पुसण्याची किल्ली असता कामा नये.

हा दुसरा सर्व्हर ऐच्छिक नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएसमध्येच एक दोष उघड झाला. विशिष्ट वेळी नुकतीच लिहिलेली फाइल कॉपी केली तर नव्या प्रतीत डेटाच्या जागी शून्यं येऊ शकत होती. चेकसम त्या शून्यांचाच काढलेला, त्यामुळे स्क्रबला काही वावगं दिसत नव्हतं. २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला; यापेक्षा जुनी आवृत्ती चालवत असाल तर आजच बदला. झेडएफएस डिस्कवर विश्वास ठेवत नाही. आपण झेडएफएसवरही आंधळा विश्वास ठेवू नये, म्हणून जुने स्नॅपशॉट काही महिने राखावेत आणि एखादी प्रत वेगळ्या प्रकारच्या फाइल सिस्टीमवर असावी.

सर्व्हर तुमच्या हाती असेल तर येत्या आठवड्यात एवढं करा. बॅकअपमधला एक पूर्ण डेटासेट दुसऱ्या रिकाम्या मशिनवर परत उतरवा, त्यातली पाचपन्नास पानं उघडून बघा, आणि उतरवायला किती तास लागले ते कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटात लावून ठेवा. मुख्य सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी लोक पहिला प्रश्न तोच विचारतील.